नाल्यापलीकडच्या गाई

डॉ. नेमासा सावजी यांना मी प्रथम पाहिले ते वाशीमच्या गुरांच्या दवाखान्यात. ते एका म्हशीच्या मागे उभे होते आणि त्यांची उजवी बाही खांद्यापर्यंत वर केलेली होती. नागपूरचे कॉलेज अर्ध्यावर सोडून मी कारकुनाच्या जागेसाठी अर्ज घेऊन आलो होतो. हात मोकळा नसल्यामुळे त्यांनी अर्ज घेतला नाही. समोर काय दिसते ते सांगा, असे म्हणाले. म्हैस आजारी आहे, असे मी सांगितले.

"आजारी आहे हे तुम्हांला वाटतं. दिसतं काय?"

मी पुन्हा पाहिले. म्हैस मागच्या डाव्या पायावर भार देत नाही, रवंथ करत नाही, तिच्या डोळ्यांतून पाणी येते, असे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून मी दवाखान्याचे रजिस्टर लिहू लागलो. सहा वर्षे लिहिले. नंतर राहिलेले शिक्षण पुरे करून मराठीचा शिक्षक झालो. ते शिक्षण पुरे व्हावे म्हणून कॉलेजकडे पहिले पत्र डॉक्टरसाहेबांनी मला न विचारता पाठवले होते.

साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी माझ्याहून अधिकारी माणसे लिहीत आहेत. गुरांच्या बुळकांडी रोगाच्या साथीत त्यांनी गावोगाव जाऊन केलेले टोचणीचे काम, गुरांच्या बाजारातली तपासणी, खात्यातली त्यांची नेकी यांविषयी वाचकांना त्या लेखांत वाचायला मिळेल. माझ्या वाट्याला एकच हकिकत आली आहे. ती मी मागून घेतलेली नाही. त्यांनी मला दिली.

डॉक्टरसाहेब मूळचे कारंजा लाडचे. घरी कापसाचा आणि धान्याचा व्यापार. तीन भाऊ पेढीवर बसले. हे मुंबईस जाऊन गुरांची वैद्यकी शिकले. जैन घरातल्या मुलाने मुक्या जनावरांवर औषधोपचार करावेत याबद्दल घरच्यांची तक्रार नव्हती. तक्रार खच्चीकरणाची होती. जनावराचा अवयव निकामी करणे त्यांच्या धर्मात स्पष्टपणे निषिद्ध सांगितले आहे, आणि डॉक्टरसाहेबांच्या नोकरीत ते काम आठवड्यातून दोन दिवस असे.

एकदा त्यांचे वडील कारंज्याहून आले. तो खच्चीकरणाचा दिवस होता. वडील फाटकाबाहेर थांबले. डॉक्टरसाहेबांनी हातातले काम टाकले नाही. रांगेतला शेवटचा गोऱ्हा झाल्यावर हात धुतले, कपडे बदलले आणि बाहेर गेले. वडिलांनी जेवण आणले होते. सूर्य मावळायच्या आत दोघे लिंबाखाली बसून जेवले. मी ओट्यावरून पाहत होतो. जेवण होताच वडील डबा बांधून निघाले. वडील पुन्हा वाशीमला आले नाहीत.

डॉक्टरसाहेबांनी या विषयावर कधी वाद घातला नाही. खेड्यांत बैल करताना गोऱ्ह्याला आडवा पाडून दोन दगडांमध्ये ठेचत असत. ते त्यांनी पाहिले होते. खात्याकडून लोखंडी चिमटा आला तेव्हा तो छकड्यात घालून ते गावोगाव हिंडले. चिमट्याने कातडे फाटत नाही, रक्त येत नाही, जनावर दुसऱ्या दिवशी चरते. चार-पाच वर्षांत त्या बाजूची दगडाची पद्धत गेली. एवढे करूनही ते त्या कामाला चांगले काम म्हणत नसत. कमी वाईट म्हणत.

त्यांच्या मायेची रीतही अशीच होती. माझी आई गेली त्या दुपारी ते घरी आले. माणसे बाहेर बसली होती. ते बसले नाहीत. सरळ मागच्या गोठ्यात गेले. आमची गाय सकाळपासून पाण्याविना, धारेविना उभी होती आणि घरातल्या कोणालाही तिची आठवण नव्हती. त्यांनी तिला पाणी दाखवले, धार काढली, भांडे चुलीजवळ झाकून ठेवले आणि निघून गेले. सांत्वनाचे शब्द त्या दिवशी पुष्कळांनी सांगितले. मला आता त्यांतला एकही आठवत नाही.

या ग्रंथाची कल्पना घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी नाही म्हटले. दुसऱ्यांदाही नाही म्हटले. तिसऱ्या वेळी मला एकट्याला आत बोलावले आणि म्हणाले, "कौतिकाबाईच्या गोऱ्ह्याचं लिहिणार असाल तर काढा ग्रंथ. रजिस्टर तुम्हीच लिहिलं होतं."

समितीतल्या काहींना ही अट रुचली नाही. गौरवग्रंथ ही चुका लिहिण्याची जागा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे असे की दुसरी जागा उरलेली नाही. म्हणून लिहितो.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची आहे. किन्हीराजाच्या पलीकडे दोन कोसांवर एक गाव आहे. त्याचे नाव इथे देत नाही. गावाच्या मधून नाला जातो. अलीकडे शेतकऱ्यांची घरे, पलीकडे मजुरांची वस्ती. कौतिकाबाई या माळ्याच्या विधवा. नाल्याच्या काठी त्यांची विहीर आणि थोडी बागाईत. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन त्या बाजारला जात. त्यांच्याकडे एक गोऱ्हा होता, हरण्या नावाचा. त्याला बैल न करता त्यांनी तसाच वाढवला होता आणि पाच-सहा वर्षे सगळ्या गावाच्या गाई त्याच्याच होत्या. त्याबद्दल सुगीत प्रत्येक खळ्यावर कौतिकाबाईंना सूपभर नवी जवारी मिळे. बागेवर त्यांचे मीठमिरची होई. भाकरी हरण्यावर होई.

त्या वर्षी पावसाळा लांबला आणि नाल्याचे पाणी गावात आले. आपल्याकडे जवारी पेवात साठवतात. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. आत कडबा लावायचा, दाणा भरायचा, तोंड मातीने लिंपायचे. दिवाळीनंतर पेवे उघडली तेव्हा मधला दाणा चांगला निघाला. भिंतीकडचा आणि तळाचा भिजून काळा पडला होता. त्यावर बुरशी होती, कुठे पांढरी, कुठे गुलाबी. असा दाणा कोणी टाकत नाही. अन्न टाकणे पाप समजतात. तो वाळवतात, शिजवून त्याचे आंबोण करतात आणि गुरांना घालतात. सगळ्या गुरांना पुरेल इतका नसतो, म्हणून जिच्यावर घरातल्यांचा जीव असेल त्या गाईला घालतात. गाभण असेल तर आधी तिला.

फाल्गुनात त्या गावच्या पाटलांचा माणूस दवाखान्यात आला. त्याने सांगितले की गावच्या गाई गाभण राहत नाहीत. पुन्हा पुन्हा माजावर येतात, गोऱ्ह्याकडे नेतात, पुन्हा तेच. दोन गाई गाभडल्या, त्यांचा गर्भ पडला. लहान कालवडींची, ज्यांना अजून वर्ष बाकी आहे त्यांचीही, अंगे सुजून माजावर आल्यासारखी दिसतात. गावाचे मत असे पडले की गोऱ्हा गेला. हरण्या वांझ झाला.

चैत्रात आम्ही त्या गावी गेलो. खात्याची तेव्हा अशी रीत होती की ज्या गावाला सरकारी वळू द्यायचा तिथला जुना वळू आधी खच्ची करायचा. पाटलांनी सरकारी वळूसाठी अर्ज केला होता. डॉक्टरसाहेबांनी अलीकडच्या नऊ-दहा घरांच्या गाई पाहिल्या. एकही गाभण नव्हती. इतक्या गाई एकदम नापीक होतील कशा? गोऱ्हा एकच होता. उत्तर समोर दिसत होते.

कौतिकाबाई हरण्याला घेऊन चावडीपुढे आल्या. त्या रडल्या नाहीत, की भांडल्याही नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गोऱ्हा वांझ हाय म्हंता, तं मंग नाल्यापल्याडच्या गायी काहून गाभन हायेत? थ्या बी याच्याच हायेत न."

पाटील म्हणाले की पलीकडच्या गाई गुराख्यामागे रानभर हिंडतात, दहा गावचे सांड त्या रानात असतात, त्यांचा काय भरवसा.

"जाऊन पाहा न एक डाव," कौतिकाबाई डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या. "कितीकसं दूर हाय?"

नाला कोरडा होता. पलीकडची घरे चावडीवरून दिसत होती. जाऊन पाच-सहा गाई तपासायला अर्धा तास लागला असता. सूर्य कलला होता. डॉक्टरसाहेब सकाळपासून उपाशी होते. डबा छकड्यात होता, आणि सूर्यास्तानंतर ते जेवत नाहीत. पलीकडे गेलो तर उद्या सकाळपर्यंत अन्न नाही, हे त्यांच्या मनात आले. हे मी तर्काने लिहीत नाही. हे वाक्य घालाच, असे त्यांनी मला सांगितले आहे. अशी कितीतरी जेवणे त्यांनी कामापायी सोडली होती. ते एक सोडले नाही.

"नंतर पाहू," ते म्हणाले, आणि चिमटा मागितला.

हरण्या कोणाला जवळ येऊ देईना. चार गडी लागले तरी तो खाली बसेना. तेव्हा कौतिकाबाई पुढे झाल्या. त्यांनी दोर स्वतःच्या हातात घेतला, त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो उभा राहिला. काम होईपर्यंत दोर त्यांच्याच हातात होता.

मी रजिस्टरात लिहिले : वळू वांझ, खच्ची केला. डॉक्टरसाहेबांनी सही केली. मग ते जेवले. सूर्य अजून बांधाच्या वर होता.

वैशाखात सरकारी वळू आला. उंच, पांढरा, निरोगी जनावर. गावाने त्याला हळदकुंकू लावले. पोळ्यापर्यंत चार महिने गेले आणि अलीकडच्या एकाही घरात गाय गाभण राहिली नाही. पाटलांचा माणूस पुन्हा दवाखान्यात आला. या वेळी त्याचे म्हणणे असे की सरकारी वळूही वांझ आहे. डॉक्टरसाहेबांनी हातातले पेन खाली ठेवले. त्यांनी विचारले, नाल्यापलीकडच्या गाईंचे काय झाले? त्याने सांगितले की त्या व्यायला लागल्या आहेत.

त्याच दिवशी आम्ही निघालो. डॉक्टरसाहेब पाटलांकडे थांबले नाहीत. नाल्याला पाणी होते. ते धोतर वर धरून पलीकडे गेले. पाच गाई व्यालेल्या होत्या, दोन व्यायच्या होत्या. वासरांपैकी चार हरणाच्या रंगाची होती, कपाळावर हरण्यासारखा पांढरा ठिपका असलेली. डॉक्टरसाहेबांनी महिने मोजले. चैत्रात ज्या दिवशी आम्ही चावडीपुढे उभे होतो त्या दिवशी या सातही गाई चार ते सहा महिन्यांच्या गाभण होत्या. हात घालून पाहिले असते तर समजले असते.

ते एका वासराजवळ बसून राहिले. त्या घरची म्हातारी, भागाबाई, बाहेर आली. त्यांनी तिला विचारले, गाईला खायला काय घालता? तिने सांगितले की काही नाही, चरते. पेवातली जवारी घालत नाही का?

"थे कोठून घालू?" भागाबाई म्हणाली. "पेवातली काळी जवारी पाटलाकडून मजुरीत भेटते. थे आमीच खातो न बापा. गायीले कोठून उरते?"

डॉक्टरसाहेब वासराजवळून उठले. मग त्यांनी विचारले की या वर्षी वस्तीत पाळणे किती हलले. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिले. गुरांच्या डॉक्टरने हे का विचारावे हे तिला कळले नसावे. ती म्हणाली, एकही नाही. तिघींचे पडले.

मी वही काढली. त्यांनी हात आडवा केला. "आपल्या रजिस्टरात तसा रकाना नाही," ते म्हणाले.

पुढचे चार दिवस ते त्या गावात राहिले. घरोघर जाऊन आंबोणाची भांडी पाहिली, वास घेतला. कोणती गाय किती खाते, केव्हापासून खाते, ते बायकांना विचारले. पुरुषांना हे माहीत नव्हते. पाटलांच्या पेवात ते स्वतः उतरले आणि भिंतीचा दाणा फडक्यात बांधून वर आणला. हळूहळू चित्र स्पष्ट झाले. ज्या घरात गाईवर जीव जास्त, तिथे आंबोण जास्त. तिथली गाय अधिक बिघडलेली. ज्या गाईकडे कोणी पाहत नव्हते ती बरी होती. दोन घरांनी त्यांच्या सांगण्यावरून आंबोण बंद केले. त्या दोन घरांतल्या गाई पुढे तीन महिन्यांत गाभण राहिल्या, आणि त्याही सरकारी वळूपासून.

दाण्याचा नमुना त्यांनी प्रयोगशाळेकडे पाठवला. उत्तर आले की दाण्यात कोणतेही ज्ञात विष आढळत नाही. ते पत्र त्यांनी अजून ठेवले आहे. 'ज्ञात' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली आहे. बुरशीतले ते काय असते, जे गाईच्या गर्भाशयाला खोटा माज देते आणि खरा गर्भ धरू देत नाही, त्याला आज मी हे लिहितो तेव्हाही नाव नाही. डॉक्टरसाहेबांनी खात्याला एक टिपण पाठवले होते. त्याची पोच आली नाही.

वाशीमला परत आल्यावर ते माणसांच्या डॉक्टरांकडे गेले आणि वस्तीतल्या तिघींविषयी बोलले. त्या गृहस्थांनी सांगितले की या बायका ओझी वाहतात, त्यामुळे असे होते. डॉक्टरसाहेब उठून बाहेर आले. ते मला म्हणाले की गाईंविषयी मी पाहिलं आहे, बायकांविषयी पाहिलेलं नाही. पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही असे त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले.

आता जे लिहायचे आहे त्यासाठी ही सगळी हकिकत आहे.

डॉक्टरसाहेबांनी ठरवले होते की चावडीत गावाला जमवायचे आणि सांगायचे : हरण्या वांझ नव्हता, दोष पेवाच्या दाण्यात होता, आणि मी न तपासता खच्ची केला. ते गावी गेले तेव्हा पाटलांनी त्यांना आधी घरात बोलावले. मी बरोबर होतो. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमी चावडीत हे बोलले, तं उद्या सारं गाव म्हणन का पाटलाच्या पेवानं गायी बी खाल्ल्या न बायाइचे लेकरं बी. मले गावात तोंड दाखवता येनार नाई. मंग मी बी तुमचं काई आयकनार नाई. दाना माया हाय. ज्याले द्याचा त्याले देईन."

डॉक्टरसाहेबांनी विचारले, आणि नाही बोललो तर?

"नाई बोलले तं उद्याच्या उद्या जाळतो. पेवाच्या भिंतीचा, बुडाचा, सारा. मजुरीत चांगला दाना देतो. देवाची आन."

पेवात तेव्हा पुढच्या सुगीपर्यंत पुरेल इतका तो दाणा होता. वस्तीत दोन बायकांना दिवस गेलेले होते. हे डॉक्टरसाहेबांना भागाबाईने सांगितले होते.

ते चावडीत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी दाणा जाळला. ते आम्ही उभे राहून पाहिले. ओला दाणा लवकर पेटत नाही, धूर फार होतो. पाटलांनी शब्द पुरा पाळला, हे इथे नोंदवतो. त्या वर्षी आणि पुढेही मजुरीत चांगली जवारी दिली. उन्हाळ्यात त्या दोघींपैकी एकीला मुलगी झाली. दुसरीचे काय झाले ते मला माहीत नाही.

पण हरण्या गावाच्या तोंडी वांझच राहिला. माणसे म्हणत, कौतिकाबाईने वांझ गोऱ्हा गावाच्या गळ्यात बांधला आणि वर्षाचे दाणे खाल्ले. खळ्यावरचे सूप बंद झाले. पुढे गावच्या गाई गाभण राहू लागल्या तेव्हा त्याचे श्रेय सरकारी वळूला गेले. त्या बाई बाजारात वांगी घेऊन बसत आणि त्यांच्या गावचे लोक दुसरीकडून वांगी घेत. हरण्याला मोटेला जुंपले. एवढ्या उशिरा खच्ची केलेले जनावर धड बैलही होत नाही. तो चार पावले ओढी आणि उभा राही.

डॉक्टरसाहेब त्यांना भेटायला विहिरीवर गेले होते. सगळे सांगितले, पाटलांशी झालेले बोलणेही सांगितले. हरण्याच्या वंशातले एक वासरू घेऊन देण्याची तयारी दाखवली.

"मले कायले सांगून राह्यले?" कौतिकाबाई म्हणाल्या. "मले तं ठाऊकच होतं. गावाले सांगा."

गावाला सांगता येत नाही, हे त्यांना पुन्हा समजावून सांगावे लागले. त्या वाफ्यातले तण काढत होत्या. हात थांबला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या की वासरू नको. "पुन्हा कोनी चिमटा घेऊन येईन. मले पुन्हा दोर धरनं होनार नाई."

दवाखान्यात आल्यावर डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर मागितले. माझ्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले : वरील नोंद खोटी आहे, मी तपासले नव्हते. खाली सही केली. ते रजिस्टर वरिष्ठांकडे गेले आणि तपासणीची खूण होऊन परत आले. ती ओळ कोणी वाचली असे वाटत नाही.

त्यानंतरची त्यांची वर्षे वाचकांना ठाऊक आहेत. ते ज्या गावी जात तिथे जनावराला हात लावण्याआधी पेव पाहत. साठाव्या वर्षीही पाहतात. लोक त्यांना पेवाचा डॉक्टर म्हणत. काही थट्टेने म्हणत. एका गावात बायकांनी त्यांना विचारले होते की डॉक्टर, तुमाले घरी जेवाले भेटत नाई का, गायीचं आंबोन हुंगून राह्यले ते. तेही हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेले नाही. पेवे कोरडी कशी ठेवावी, तोंड कसे लिंपावे, काळा दाणा का जाळावा हे त्यांनी शेकडो ओट्यांवर बसून सांगितले. बहुतेक ठिकाणी दाणा जाळला गेला नाही. अन्न जाळायला माणसाचा हात धजत नाही. ते पुन्हा जात. खच्ची करण्याआधी ते त्या वळूच्या सगळ्या गाई पाहत, त्या कोणाच्याही दारात असोत.

पाटील तीन वर्षांपूर्वी वारले. डॉक्टरसाहेब आता नोकरीत नाहीत. दिलेल्या शब्दाची मुदत संपली, असे ते मानतात.

लेख लिहून झाल्यावर मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो हातात घेतला नाही. आधी कौतिकाबाईंना वाचून दाखवा, म्हणाले. मी गेलो. त्या आता फार वाकल्या आहेत. बाग मोडली, हरण्या केव्हाच गेला. मी अंगणात बसून कागद काढले. त्या म्हणाल्या, इथे नको, चावडीत वाच.

म्हणून हा लेख छापला जाण्याआधी चावडीत वाचला गेला. पंधरा-वीस माणसे होती. निम्म्यांना हरण्या आठवत नव्हता. कौतिकाबाई पायरीवर बसल्या. वाचताना एकदा त्यांनी मला थांबवले. चिमटा लावला तेव्हा गोऱ्हा मोठ्याने हंबरला, असे मी लिहिले होते. "वरडला नाई थो," त्या म्हणाल्या. "मायाकडे पाहे." ते वाक्य मी काढून टाकले आहे.

वाचून झाले. पाटलांचा मुलगा समोर बसला होता. तो म्हणाला, बाबांनी दाणा जाळला हे लिहिले ते बरे केले. मग मान खाली घालून म्हणाला, "मावशी, गावाचं चुकलं." कौतिकाबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला विचारले की हे पुस्तक कशापायी काढून राह्यले. मी सांगितले की डॉक्टरसाहेबांना साठ वर्षे झाली. गौरवाच्या पुस्तकात शेवटी दीर्घायुष्य चिंतायची पद्धत आहे. तुमच्याकडून काही लिहू का?



"तेइले म्हना, अजून लय जगा," त्या म्हणाल्या. "थे गेले का नवा डॉक्टर येईन. हुशार असन. पन थो शिकन कोनाच्या दारात?"

डॉक्टरसाहेबांचे डोळे, नाक आणि पेवात उतरणारे गुडघे पुष्कळ वर्षे शाबूत राहोत. आमच्याकडे अजून दारे पुष्कळ आहेत.